पिशवीची तपासणी आणि आपण दोघी

मुखेड, सोमवार

प्रिय शिवानी,

आठवडा होत आला, तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, हे दिसतं मला, पण उत्तर नाही. म्हटलं, हिला आता कागदावरच गाठावं. हे पाकीट दुपारच्या लातूर गाडीच्या कंडक्टरजवळ देते आहे. स्टँडवरून तुमच्या दवाखान्यात पोचतं करतो म्हणालाय. तुझा राग कशाचा आहे ते मला ठाऊक आहे. आपल्याला निधी देणारी पुण्याची मंडळी इकडे येऊन गेली. मार्चनंतरच्या नव्या प्रकल्पासाठी मुखेडच्या संस्थेने एकटीनेच अर्ज करावा, लातूरला सोबत घ्यायची कटकट कशाला, असं मला म्हणाली. हे मी तुला सांगायच्या आत दुसऱ्या कुणीतरी सांगितलं, आणि दुसऱ्याकडून आलेली गोष्ट तिखटमीठ लावूनच येते. उज्वला आता हात झटकून मोकळी होणार, असंच तुझ्या मनानं घेतलं असणार. घे. पण आधी माझं ऐकून तर घे बाई.

आपली पहिली बैठक आठवते का? तुमच्या ट्रस्टच्या हॉलमध्ये, तुझे सासरे गुरुपादप्पा अध्यक्षांच्या खुर्चीत, आणि समोर मी मुखेडहून नेलेल्या आमच्या बाया. बायांच्या गर्भपिशवीच्या कॅन्सरची तपासणी दोन्ही संस्थांनी मिळून केली तरच पैसा, अशी तेव्हा निधीची अट होती, म्हणून एकत्र बसलो. नाहीतर कोण कुणाचं तोंड बघतंय! सगळी सकाळ गेली ती शिबिराच्या बोर्डावर कुणाचं नाव वर यावं यावर. अप्पा म्हणाले, दवाखाना आमचा, डॉक्टर आमचे, गाडी आमची. मी म्हणाले, आणि तपासायच्या बाया कुणाच्या? आमचं मुखेड पडलं नांदेड जिल्ह्यात, आणि नांदेड आणि लातूर म्हटलं की आपल्याकडे आधी भांडण आणि मग चहा. तू कोपऱ्यात बसून सगळं लिहून घेत होतीस. मला वाटलं, असेल अप्पांची सून, सांगतील तिथं सही करील. पहिल्याच डावात माझा अंदाज चुकला.

मग ते भोंग्याचं प्रकरण. आता हसू येतं, तेव्हा मात्र अंगाचा तिळपापड झाला होता. तुमचे ट्रस्टी सगळे अडत दुकानदार, डाळीचे व्यापारी. नवं दुकान उघडलं की रिक्षाला भोंगा बांधून गावभर फिरवायचा, हीच त्यांची रीत. शिबिरालाही तीच लावली. कंधारकडच्या त्या गावात रिक्षा ओरडत फिरली, ‘महिला भगिनींनो, पिशवीची मोफत तपासणी!’ पारावरचे गडी फिदीफिदी हसले आणि गल्लीतलं एकेक दार धाडधाड लागलं. अगं, जी गोष्ट इथली बाई आपल्या सख्ख्या आईच्यासुद्धा कानातच सांगते, ती तुम्ही कांद्याच्या भावासारखी पुकारली! डॉक्टर संध्याकाळपर्यंत चहा पीत बसले आणि परत गेले. फोनवर तू म्हणालीस, तुमच्या बायाच येत नाहीत. मी म्हणाले, लातुरात बसून उंटावरून शेळ्या हाकू नका मॅडम. तू फोन आपटलास. मला वाटलं, झालं, संपली भागीदारी.

आणि पुढच्याच आठवड्यात तू एसटीनं, एकटी, त्याच गावात हजर! ना बोर्ड, ना हार, ना नारळ. भामाबाईच्या ओसरीवर पोत्यावर बसलीस आणि शेंगाच्या पोळ्यांचा डबा सगळ्यांपुढं उघडलास. भामाबाई तोंडावर म्हणाली, ‘तपासाया म्हणून नेत्यात, अन् पिशवी काढून ठेवत्यात. आमाला म्हाईत न्हाई व्हय?’ तुझ्या जागी मी असते तर अर्धा तास भाषण दिलं असतं. तू नुसतं ‘हाव, भ्या वाटतंच की’ म्हणालीस. मग मागून गाडीनं आलेल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन अंगणवाडीच्या खोलीत, लुगड्याच्या पडद्याआड गेलीस आणि सगळ्यांच्या आधी स्वतः टेबलावर झोपलीस. बाहेर येऊन निऱ्या नीट करत म्हणालीस, ‘थंड लागतं जरा. दुखत न्हाई. अन् पिशवी हाय तिथंच हाय.’ बाया तोंडाला पदर लावून अशा हसल्या की अंगणवाडीची पोरंही कारण नसताना हसायला लागली. भामाबाई उठली, ‘चल गं, बघू तरी’ म्हणाली, आणि तिच्यामागं सगळी गल्ली उठली. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंना पाणी प्यायची उसंत मिळाली नाही. मी तिथं दारात उभी होते. इतकी वर्षं बायांमध्ये काम केलं, पण हे मला सुचलं नव्हतं. तुझं मला फार, फार कौतुक वाटलं, आणि ते तुला तेव्हा सांगायचं राहूनच गेलं.

बातमी लातूरला पोचल्यावर घरात काय झालं, ते तू कधी धड सांगितलं नाहीस. अप्पांच्या घरची सून खेड्यात जाऊन असलं करते, यावरून तुमच्या मठातसुद्धा चर्चा झाली म्हणे. पण त्यानंतरच्या शिबिराला तुझ्या सासूबाई, गुरम्मा, गाडीतून उतरल्या आणि ‘मलाबी बघा’ म्हणून रांगेत बसल्या, तेव्हा अप्पांच्या तोंडाला कुलूपच लागलं. बोर्डाचं भांडण तिथंच मिटलं. बोर्डच लावायचा नाही, असं तू ठरवलंस. बाया आता शिबिराच्या गाडीला ‘शिवानीबाईची गाडी’ म्हणतात, आणि मला त्याचं एवढंसुद्धा वाईट वाटत नाही. बरं, थोडं वाटतं.

भामाबाईच्याच तपासणीत डाग निघाला. ती लातूरला यायला घाबरत होती. लिफ्टला भ्यायची, कागदाला भ्यायची, केस पेपरच्या रांगेतल्या त्या खिडकीलाही भ्यायची. तू दवाखान्याच्या दारात उभी राहिलीस आणि ऑपरेशनला आत नेईपर्यंत तिचा हात सोडला नाहीस. आता ती मुखेडच्या बाजारात मिरच्या विकते आणि गिऱ्हाईकांशी असं भांडते की विचारू नकोस.

आता खरं कारण. पुण्याच्या मंडळींना मी शुक्रवारी नाही म्हणून कळवलं. एकटीनं अर्ज करणार नाही. दोघी असू तर द्या, नाहीतर दुसऱ्या कुणाला द्या. हे माझं एकटीचं शहाणपण नाही. पगार सगळ्यांचेच जाणार, म्हणून संस्थेतल्या सगळ्या बायांना बसवून विचारलं. घरात कमावणारी एकटी असलेली आमची पंचशीलाच आधी बोलली, ‘बाया हुडकून आमी आणताव. पण लातुरात त्यांचा हात कोण धरल? निसतं हुडकून सोडून देणं, ह्यो तर गुन्हा हाय.’ मग सगळ्यांनीच हात वर केले. पुण्याहून अजून उत्तर नाही. पैसा येईल न येईल, अप्पा हो म्हणतील न म्हणतील. पण पंचशीलाच्या थोरल्या जावेचा रिपोर्ट परवा आला. चांगला नाही. उद्या सकाळच्या गाडीनं तिला घेऊन मी लातूरला निघते आहे. ती रात्रीपासून एकच विचारते आहे, ‘त्या शिवानीबाई दारात असत्याल ना?’ मी तिला हो म्हणून सांगितलंय. तू फोन नको उचलूस, माझ्याशी बोलूसुद्धा नकोस. फक्त दारात ये.

तुझीच, भांडकुदळ मुखेडची,
उज्वला