मूळ आवाज

१२ मार्च

ती. ताई,

नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? इथे सगळं ठीक.

लेकीच्या लग्नाची फिल्म आली. पंचेचाळीस हजारांची मला एकोणचाळीसला पडली. वर चार हेलपाटे आणि अर्धा दिवस बंद ठेवलेलं दुकान. लग्नाआधी तीन पानी करार पुढे सरकवून व्हिडिओवाला म्हणाला होता, "काका, इथे सही." मी म्हटलं, "भाऊ, नट-बोल्टचं दुकान शून्यातून उभं केलंय मी. टेबलावर टाकलेल्या बोल्टच्या आवाजावरून सांगतो, पितळ आहे की नुसता मुलामा. एकेक कलम वाचा, मी ऐकतो."

सातवं कलम: 'मूळ आवाज स्वतंत्र घेणे, सहा हजार.' मला हसूच आलं.

"आवाज वेगळा विकता? उद्या रंगाचेही वेगळे लावाल!"

"तसं नाही काका, मग सगळीकडे वरून संगीत घालावं लागतं..."

"घाला की! लग्न आहे, कोर्टातली साक्ष नाही."

कलम खोडलं, शेजारी दोघांच्या सह्या. छाती फुगवून बाहेर पडलो. तुझी भावजय असती तर तिने पेन हातातून काढून घेतलं असतं.

फिल्म छान झालीये. तू जेवणाच्या टेबलापाशी कुणाला तरी दटावतेस, ते तर झकासच. मी मात्र दुकानातून आलो की रोज शेवटचाच तुकडा लावतो. गाडीत बसण्याआधी लेक गळ्यात पडते, कानाशी काहीतरी बोलते. मी हो हो म्हणून मान हलवतो. तिचे ओठ दिसतात, ऐकू येतं व्हायोलिन.

ती काय म्हणाली, मला ठाऊक नाही.

दर रविवारी फोनवर विचारते, "बाबा, हो म्हणालात ना? मग कधी?" मी आपला "बघू गं, दुकानात गडबड आहे" म्हणतो. परवाही मी तेच सांगितलं. मग म्हणाली, "जमत नसेल तर सांगून टाका. मी वाट बघणं सोडते."

कशाची वाट, ताई?

तू तिची पर्स धरून अगदी शेजारी उभी होतीस. ऐकलं असशील, तर रविवारच्या आत पत्र टाक. फोन नको, दुकानात माणसं असतात. आणि तिला विचारायचं तर कारण सांगावं लागेल. ते कळलं की नवा संसार टाकून इथे येऊन बसेल ती.

तुलाही सांगितलं नव्हतं. ती डाव्या कानाशी बोलली. त्या कानाने मला दीड वर्ष झालं, काहीही ऐकू येत नाही.

तुझा धाकटा