किलगरूचा उभा दगड

गॉलवे, ४ जून १९६८

तीर्थरूप नुआलाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या किलगरूचा इतिहास लिहून झाला. घरात पदवी घेतलेली पहिली मीच. ती गावाच्या कामी आली नाही तर काय उपयोग? रस्ता सरळ करायला तुझं खालचं कुरण घेणार, गायी विकाव्या लागणार, हे कळल्यापासून मला चैन नाही. पण कुरणातला उभा दगड तीन हजार वर्षांचा असावा, असं मी लिहिलंय; एवढा जुना दगड सरकारला हलवता येत नाही. सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. शुक्रवारी रस्त्याच्या इंजिनिअरला ते वाचून दाखवणार आहे.

तुझ्या ओरड्याला आसुसलेली,
डर्वला


किलगरू, ५ जून

चि. डर्वलास अनेक आशीर्वाद.

तुझा तो दगड ऐकून शेजारच्या फिन्टनच्या नाकातून चहा आला. अगं बाई, तो तुझ्या आजोबांनी उभा केलाय, गायींना अंग घासायला! तू एवढी भक्तिभावानं विचारत होतीस, कुणाला नाही म्हणवेना. शिवाय रस्ता अडला तर बरंच. फादरही म्हणाले की मान डोलावणं हे पाप नव्हे, मानेचा व्यायाम आहे. तेव्हा शहाणपणा न करता वाचून दाखव.

तुझी आणि सहा गायींची,
आत्या


गॉलवे, ७ जून

ती. आत्यास सा. न.

रागावू नकोस, मला खोटं वाचवेना. दगड आजोबांचा आहे हे सांगून टाकलं. इंजिनिअर हसला, म्हणाला की तोही गायीगुरांतच वाढलाय, गुळगुळीत बाजू पाहूनच त्यानं ओळखलं होतं. मग त्यानं नकाशा उलगडला आणि विचारलं की तुमच्या पूर्वजांनी सपाट कुरण सोडून रस्ता वळवला तरी कशाला.

मला रडूच येत होतं. मी चिडून म्हटलं की आमचे पूर्वज वेडे नव्हते. नोव्हेंबरात जमिनीतल्या भोकातून पाणी वर येतं, कुरणाचं तळं होतं, आत्या होडीतून चर्चला जाते, आणि वसंतात ते त्याच भोकातून निघून जातं.

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. दोनदा येऊन गेलो, मग हे कुणी बोललं का नाही, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे! नकाशा गुंडाळून तो म्हणाला की वळण आहे तिथेच राहील.

आत्या, माझ्या अख्ख्या इतिहासात तळ्याचं नावसुद्धा नाही गं.

तुझी,
डर्वला


किलगरू, ९ जून

चि. डर्वलास आशीर्वाद.

दगडासाठी आम्ही एवढ्या माना मोडल्या, आणि तळ्याची कुणालाच आठवण नाही! फिन्टन तर कालपासून तोंड लपवून हिंडतोय. इंजिनिअर दोन्ही वेळा आला तेव्हा त्यानंच त्याला कुरणात चहा पाजला, आणि बसायला दिली ती माझी उपडी घातलेली होडी.

इतिहासात तळं घाल. दगडही राहू दे, आजोबांच्या नावानं. माझा लोभ त्या तळ्यासारखा आटलाय असं वाटलं तर नोव्हेंबरात येऊन बघ.

तुझी,
आत्या