चर्चचा वारा कोंडला

पोर्ट सुदान, रविवार दुपार

बाबांना लबीबाचा सलाम.

आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा खोकला कसा आहे? बडीशेपेचं पाणी घेताय ना?

आता जे सांगते त्याने जिवाला लावून घेऊ नका. आपल्या चर्चला शंभर वर्षं होतायत, म्हणून कमिटीने ते मूळ रूपात आणायला काढलंय. उत्तरेचा वारा आत ओढायला तुम्ही छपरावर जे धुराड्यासारखं तोंड बांधलं होतं, ते त्यांनी विटांनी बुजवलं. का, तर इंग्रजांच्या नकाशात ते नव्हतं.

नकाशात काय होतं? बर्फ घसरून पडावा म्हणून उभट छप्पर, आणि उघडता न येणाऱ्या रंगीत काचा. या गावात बर्फ दिसतो तो मासळीबाजारात.

आज उपासनेतच तिरेझा मावशी उकाड्याने घेरी येऊन पडल्या. शुद्धीवर आल्यावर कमिटीच्या रमझीसाहेबांना म्हणाल्या, "मूळचे इंग्रज उन्हाळ्यात अर्कवितच्या डोंगरावर पळायचे. तुम्ही कधी निघताय?"

मी भांडले, तर साहेब मला म्हणतात, "तुझ्या वडिलांचं काम ही नंतरची भर आहे."

नंतरची भर. पोरांचे बाप्तिस्मे त्या भरीखाली झाले. आईला निरोप दिला तोही त्याच गार वाऱ्यात.

तुमच्या जावयाने घाबरून तुमची जुनी शिडी लपवलीय. कुठे ते मला ठाऊक आहे, आणि हातोडी माझ्याच पलंगाखाली आहे.

काळजी करू नका, चपला काढूनच चढेन.

तुमचीच,
लबीबा