ट्रॉली मागे असताना

प्रिय मिसबा,

तू निघाल्यापासून मी फोन उचलतो आहे आणि ठेवतो आहे. शेवटी तो तुझ्या अम्मीच्या हातात दिला. गाडी चालवताना तू बाकी कुणाचा फोन घेत नाहीस, माझा मात्र घेतेस, कितीही बजावलं तरी. म्हणून आज हाताला दुसरा उद्योग हवा होता. चहा समोर गार झाला आहे आणि मी लिहायला बसलो आहे.

एव्हाना तू कात्रज सोडलं असशील. स्वारगेटच्या गर्दीची मला काळजी नव्हती. तिथं गाडी पुढे सरकतच नाही, तर चुकणार काय? काळजी आहे ती पुढच्या खंबाटकीच्या चढाची. रिकामी पिकअप तुझ्या हातात छान बसली आहे, पण मागे जनरेटरची ट्रॉली जोडली की तीच गाडी परक्यासारखी वागते. समोरच्या इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्याशेजारी तो हिरवा बाण सारखा वरचा गिअर टाक म्हणून सांगतो. मागे अख्ख्या लग्नाचा उजेड ओढत आणलाय हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? त्यावर मी काळी चिकटपट्टी लावली तेव्हा तू खूप हसलीस. पण डिझेल वाचवायच्या नादात तू पट्टी उचलून बाणाचं ऐकतेस, गिअर लवकर वाढवतेस, आणि मग इंजिन दबून गुरगुरतं आणि तापतं. ओझं असताना त्याला थोडं ओरडू द्यावं. फेऱ्यांचा काटा दोन हजारांच्या वर राहू दे, आवाजाची लाज बाळगू नकोस.

आणि गिअर चढ लागायच्या आधी उतरव. दिवेघाटात सराव करताना तू चढाच्या मध्यावर बदलायला गेलीस, आठवतं? इंजिनाचा दम गेला, ट्रॉलीनं मागे ओढलं, मागचा ट्रकवाला भोंगा वाजवत सुटला. तू ओठ चावून दुसरा टाकलास आणि गाडी वर काढलीस. त्या दिवशी मी फक्त क्लच जळेल एवढंच बोललो. खरं तर माझा ऊर भरून आला होता.

मधेच दत्तोबा डोकावून गेले. शेजारधर्म म्हणून चौकशी करायला आले आणि दारातूनच म्हणाले, "नासिरभाई, पोरगी घाटात आणि आपण खुर्चीत. प्रगती आहे." मी हसलो. ते गेल्यावर खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. कसब्यातल्या आपल्या बोळातून महामार्ग दिसत नाही हे मला ठाऊक आहे, तरी उभा राहिलो. अम्मी म्हणाली, बसा, नाहीतर जमीन झिजेल.

आता तू वर पोचली असशील, आणि उतार चढापेक्षा वाईट. ज्या गिअरनं चढलीस त्याच गिअरनं उतर, इंजिनालाच गाडी धरू दे. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. तापलेला ब्रेक ऐन वळणावर दगा देतो आणि मागची ट्रॉली ढकलत राहते. हे सगळं तुला शंभरदा सांगून झालंय. तरी माझा उजवा पाय इथं फरशी दाबतो आहे.

अम्मी आत्ता फोन घेऊन धावत आली. तुझा निरोप: घाट उतरले, चहा पितेय, ट्रॉली शाबूत. मी तो पुन्हा पुन्हा वाचला आणि मग रडलो. आता खरं लिहितो.

खांदा दुखतो म्हणून तुला पाठवलं, पण माझा खांदा दुखत नाही, मिसबा. डाव्या डोळ्याची नजर गेली आहे आणि उजव्याचाही भरवसा डॉक्टर देत नाहीत. मी आता गाडी चालवणार नाही, कधीच नाही. हे आधी सांगितलं असतं तर अब्बांच्या बदल्यात एक खेप मारतेय असं तुला वाटलं नसतं. सगळं घर ओढतेय असं वाटलं असतं, आणि तसे घट्ट झालेले हात घाटात नकोत. उद्या तू परत येशील. समोर बसवून सांगितलं तर तू माझ्या डोळ्यांकडे बघशील आणि म्हणशील, गाडी मी चालवते. कोथरूडचा तुझा गणिताचा क्लास बंद करशील. पोरं तुझ्याकडे शिकायला थांबतात, तू त्यांच्याबद्दल बोलताना जेवायचं विसरतेस, हे मी बघितलं आहे. तुझा कासिमचाचा आपल्या जावयासाठी पिकअप आणि ट्रॉली दोन्ही विकत घ्यायला तयार आहे. मी त्याला थांबायला सांगितलं आहे. तुला मनापासून चालवायची असेल तर गाडी तुझी. नसेल तर नाही म्हण. माझ्या तोंडावर नाही म्हणणं तुला जमायचं नाही, म्हणून मी कोंढव्याला माझ्या बहिणीकडे, तुझ्या फुफीकडे, जाऊन राहतो आणि हा कागद अम्मीकडे ठेवतो. उत्तर तिलाच सांग. ती मला कळवेल आणि मी घरी येईन. नाही म्हणालीस तरी दारात पाय ठेवताना पहिली हाक तुलाच मारीन.

तुझाच,
अब्बा