आधी गंगेला

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे बनारसला! दुर्गाघाटाच्या गल्लीत टेम्पो शिरेना, म्हणून निनादने कपाट हमालांच्या डोक्यावर चढवलं आणि रुबाबात वाट दाखवत स्वतःच चुकला. आमची चार वर्षांची लेक बकुळ नुसती खिदळत होती. विद्यापीठातलं माझं काम मजेचं आहे: माणसांना स्वप्नं का पडतात, ते शोधायचं. घरमालकीण सीताकाकू इथल्याच, जुन्या मराठी घरातल्या. त्यांनी पोहे दिले. मटार इतके की पोहे शोधावे लागले.

७ नोव्हेंबर
वाईट स्वप्न पडलं की काकू उठल्याबरोबर घाट उतरतात आणि ते गंगेला सांगून येतात. तोवर कुणाशी अवाक्षर नाही. मी म्हटलं, तोवर निम्मं विसरायला होतं, आधी मला सांगा. त्या म्हणाल्या, "नको गं बेटा. जो पहिले ऐकेल, त्याच्याच गळ्यात पडतं." मला हसू आवरेना. स्वप्न म्हणजे मेंदूने दिवसाचा पसारा आवरणं, यावर मी त्यांना व्याख्यानच झोडलं. शेवटी बिचाऱ्यांनी हात टेकले.

९ नोव्हेंबर
आज काकूंनी गंगेच्या आधी मला सांगितलं: स्वप्नात त्यांचा पुढचा दात पडून तळहातावर आला. छान टिपण मिळालं.
संध्याकाळी कचोरी खाताना माझा पुढचा दात तुटला. निनाद बोळकं म्हणून चिडवतोय. योगायोग, दुसरं काय!

१४ नोव्हेंबर
काकू पुन्हा सांगायला तयार नव्हत्या, मीच गळ घातली. डावा हात भाजल्याचं स्वप्न होतं. आज कढईतलं तेल उडालं. माझा डावा हात, मनगटापासून कोपरापर्यंत, त्यांनी सांगितला तसाच. काकू रडल्या. यापुढे गंगेलाच सांगा, असं मीच म्हटलं. मला भीती वाटतेय, आणि निनादला सांगायची लाज.

१८ नोव्हेंबर
आज स्वप्न मला पडलं. तोंड दाबून धरून घाट उतरले, गंगेला सांगितलं, मगच लिहितेय. बकुळ पाण्याखाली होती. डोळे उघडे— जाऊ दे. सांगून झालं. सुटलो.

दुपारी
बकुळ म्हणते, तिला माझं स्वप्न माहीत आहे. मी झोपेत बोलत होते. तिच्या कानाशी. तिने सगळं ऐकलं— गंगेच्या आधी—

१९ नोव्हेंबर
दाराला कुलूप. किल्ली माझ्या मुठीत. बादल्या उपड्या केल्या, नळ बंद. बाहेरून निनाद विनवतोय. नाही उघडणार. बकुळ समोर बसलीय, कोरड्या फरशीवर, बाहुलीशी खेळतेय. नजर हलवायची नाही. लिहायला खाली पाहते तेवढंच—

तिच्या केसांतून पाणी ठिबकतंय. मी तिला आंघोळ घातलेली नाही. मी हाका मारतेय— तिचे डोळे उघडे आहेत, पण ती—