तिसरी किल्ली

५ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला मी ऐकू येत नाही आणि मला फक्त तुमचं प्रेस मशीन ऐकू येतं, म्हणून लिहिते. परदेशातलं आपलं पहिलं कार्यालय सुरू झालं. कार्यालय म्हणजे धुलाईच्या दुकानावरची एक खोली. खालून दिवसभर वाफ येते. कागद मऊ पडतात, मी नाही.

काल इथल्या मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदीप्रमुख बाई आल्या. त्यांच्या माणसाने आपलं कुलूप करवतीने कापून पाहिलं. करवतीचे दात गेले. बाई खूश झाल्या, म्हणजे त्यांनी एकदा मान हलवली. मग त्यांनी खोक्यातलं कार्ड वाचलं.

त्या कार्डाबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही परस्पर इथल्या भाषेत छापून घेतलंत, की किल्ली हरवली तर घाबरू नका, तुमच्या कुलपाची तिसरी किल्ली आमच्याकडे आहे. भाषांतर निर्दोष आहे, हे खेदाने कळवते. बाईंनी मेलेलं झुरळ उचलावं तसं कुलूप दोन बोटांनी उचलून खोक्यात परत ठेवलं आणि विचारलं, की अख्ख्या गावाच्या किल्ल्या बाळगणाऱ्या कंपनीवर अजून खटला कसा झाला नाही. मी म्हटलं, आमच्याकडे याला विक्रीनंतरची सेवा म्हणतात. त्या हसल्या नाहीत.

काय उत्तर देऊ, ते कळवावे. लोभ आहेच, तूर्त खुलासाही असावा.

तुमची,
फूटपट्टी


१६ मार्च

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं फिरलं. चोऱ्याच करायच्या असत्या तर कुलपं बनवण्याचा उपद्व्याप कशाला केला असता? ज्याच्यावर किल्लीपुरता भरवसा नाही, त्याच्या कुलपावर कसा ठेवतात, हे त्या बाईंना विचार.

गेल्याच आठवड्यात दातांचे डॉक्टर किल्ली हरवून दवाखान्याबाहेर उभे, मागे सुजलेल्या गालांची रांग. तुझ्या आत्याने किल्लीखोलीतून तिसरी किल्ली नेऊन दिली. तोंडाने आभार मानण्याच्या अवस्थेत कुणी नव्हतं, म्हणून रांगेने टाळ्या वाजवल्या. तिचे यजमान गेल्यापासून ती खोली हाच आत्याचा संसार. माणूस ओळखल्याशिवाय ती किल्ली देत नाही. मलाही एकदा परत पाठवलं होतं, चष्मा लावला नव्हता म्हणून.

तिचा फोटो सोबत आहे, बाईंना दाखव. चेहरा बघून खात्री पटेल. ती म्हणाली, फोटो काढा, पण मी हसणार नाही.

वेळेवर जेवत जा. टोपणनावाला जागून जेवण मोजत बसू नकोस. आमची माया इथून आहे तेवढीच तिथेही धर.

बाबा


२८ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोटो मिळाला. दाखवला नाही. आत्या त्यात तुरुंगाधिकारी दिसते.

बाईंची अट अशी. कंपनीने एकही किल्ली स्वतःकडे ठेवायची नाही. इथल्या कुलपांची नाही आणि तिकडचीही नाही. त्यांचं म्हणणं, उद्या गवगवा झाला तर कुठल्या देशातल्या किल्ल्या, हे कुणी विचारत बसत नाही. हे तर्काला धरून आहे. मी खोडून पाहिलं, जमलं नाही. एप्रिलअखेर उत्तर हवं.

नकार दिला तर ऑर्डर गेली. इथे दुसरं गिऱ्हाईक नाही. मी पाटी उतरवून परत येईन, आणि या ऑर्डरच्या भरवशावर नव्या शेडमध्ये घेतलेल्या माणसांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवाल. होकार दिला तर किल्लीखोली बंद, आणि रोज सकाळी डबा घेऊन आत्याने जायचं कुठे, हा प्रश्न उरतो. त्यावर माझ्याकडे तांत्रिक उपाय नाही.

हे पत्र आत्याला दाखवू नये. बाकी लोभ पूर्वीइतकाच, निर्णय काहीही असो.

फूटपट्टी


९ एप्रिल

चि. फूटपट्टीस,
आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र दादा माझ्या टेबलावर विसरला. वर माझा चष्माही विसरला, म्हणजे शोधायला नको. माझ्यापासून लपवायची ओळ मी सगळ्यांत आधी वाचली.

या घरात निर्णय कुणालाच घेता येत नाही, म्हणून मी घेतला. दारावर सूचना लावली, की खोली बंद होत आहे, आपापली किल्ली घेऊन जावी. दादाने माझ्याशी अबोला धरला. कारखान्यात तेवढीच शांतता. लोक आले, किल्ल्या घेऊन गेले. भिंतीवरचे खिळे रिकामे झाले. मी रडले असं तुला कुणी कळवलं तर खोटं समज.

मग न्हावी परत आला. म्हणाला, घरी ठेवली तर सगळ्या एकदमच हरवतील, आणि किल्ली माझ्या हातात कोंबून निघून गेला. शिवणकामवालीने तर भांडणच काढलं, की आमचं काय चुकलं म्हणून किल्ली तोंडावर फेकलीत. कंपनी ठेवत नसेल तर तू ठेव, म्हणाली. आता जो तो आणून देतोय, नावाची चिठ्ठी बांधून. काहींनी दुसऱ्या कंपन्यांच्या कुलपांच्याही आणल्यात. एकाने सायकलची. खोली बंद करायला घेतली आणि खिळे कमी पडले.

बाईंना काय सांगायचं ते तू बघ. मी बंद करायला निघाले होते, एवढं मात्र लिही.

जीव लावतेस ते कधी बोलून दाखवलंस तरी चालेल.

आत्या


२४ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी बाईंना भाषांतर करून वाचून दाखवलं, रडण्याचं वाक्य वगळून. मग त्यांनी विचारलं, की सायकलची किल्लीसुद्धा ठेवून घेतली का. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, गाव ज्यांना किल्ल्या परत आणून देतं त्यांचं कुलूप विकायला हरकत नाही, पण त्यांनी त्या मागता कामा नयेत.

तेव्हा ठरलं ते असं. यापुढे तिन्ही किल्ल्या खोक्यातच जातील. गिऱ्हाइकाने त्यांतली एक आपणहून कुणाकडे ठेवली, तर तो त्याचा प्रश्न. मात्र जिच्याकडे ठेवली, ती कंपनीत नोकरीला नसावी. म्हणजे आजपासून तुझी नोकरी गेली, अभिनंदन. खोलीवर कंपनीऐवजी तुझ्या नावाची पाटी लावायला बाबांना लिहिलं आहे. बाईंनी सही केली.

सही झाली म्हणजे मला इथेच राहावं लागणार. किती, ते ठरलेलं नाही. माझ्या खोलीला आपलंच कुलूप आहे. एक किल्ली पर्समध्ये असते, दुसरी कार्यालयाच्या खणात. तिसरी कुठे ठेवावी, याचा विचार केला. शेजारी चांगले आहेत, जिन्यात मान हलवतात.

तिसरी या पाकिटात आहे. पहिल्या दोन्ही हरवल्या तर ही टपालाने परत येईपर्यंत मला जिन्यात बसावं लागेल, हे मला कळतं. व्यवहाराच्या दृष्टीने ही किल्ली तुझ्याकडे असण्याला काही अर्थ नाही. तरी खिळ्याला लावून ठेव.

तुझा लोभ कमी नाही; त्यातला थोडा टपालाने येऊ द्यावा.

तुझी,
फूटपट्टी