पुलाखालच्या दोन वाट्या

८ जानेवारी, बुधवार

पाण्यानं हात सुजले. आज लिहाचं नव्हतं, पण राग जिरत नाही.

सकाळी दिनकरराव नावाचा माणूस गाडी घेऊन वणीले घरी आला. सुनेचं मंगळसूत्र पैनगंगेच्या पुलावरून खाली पडलं, शोधून द्या म्हणे. सोनारगल्लीत कोणं तरी आमचं नाव सांगतलं. आम्ही सोनझरी. गल्लीतली धूळ झाडून आणतो, निर्गुडेच्या पाण्यात लाकडाच्या कठवतीत धुतो, सोनाराच्या हातून सांडलेला कण काढतो. कण काढणाऱ्याले मंगळसूत्र शोधणं म्हणजे वावरात बैल शोधल्यासारखं. मी हव म्हटलं. नणंद शोभा अन् मी, दोन कठवती, एक फावडं, निघालो.

पुलाखाली पोचलो त तिथं आधीच एक जण. नागपूरचा. कानावर ठोकळे, हातात लांब दांड्याचं मशीन. दिनकररावनं त्यालेबी बोलावलं होतं, आमाले बोलला नाही. मशीनवाला माह्या कठवतीकडं पाहून हासला. हास बाबा. तुह्यासारखे लय पाह्यले.

९ जाने., गुरुवार

मशीनले दिवसभरात काय भेटलं: खिळे. शिश्यांचे बिल्ले. पुलावरून लोकायनं नदीले वाहलेले सिक्के. एक कुलूप, किल्ली नाही.

तिसऱ्या खांबाच्या मागं गेला त मशीन सारखं रडाले लागलं, थांबेच ना. त्यानं ठोकळे काढले. इथली जमीनच खराब हाय, इथं काही नाही, असं दिनकररावले हिंदीत समजावून पुढं गेला. मी गप. तिथं काळी रेती बसली हाय, लोखंडासारखी जड. पाणी खांबाले आपटते, मागं फिरते, अन् जड ते खाली टाकते. जिथं काळी रेती बसते तिथंच सोनं बसते. हे माह्या सासूनं मले शिकवलं, मशीनले कोणं शिकवाव?

दुपारी एक पोरगी काठावर खांबाच्या आडोशाले येऊन बसली. पंचविशीची असन. गळा मोकळा. मले वाटलं घाटावर कपडे धुवाले आली. दिनकरराव चहाले वर गेला तशी जवळ आली.

"मावशी, ते पडलं नाही. मी फेकलं."

नाव रजनी. याच दिनकररावची सून. नवऱ्यानं बसस्टँडवर लोकायसमोर तिच्यावर चप्पल काढली. मंग पुलावर गाडी थांबवून आणखी दोन थापडा. तिनं गळ्यातलं ओढलं, तुटलं, फेकलं, अन् पायी माहेरी निघून गेली. नऊ किलोमीटर.

मंग बैठक बसली. दहा जण बापाच्या मागं लागले, पोरगी धाडून दे. बाप वैतागून बोलून गेला, नदीनं परत दिलं त मी लेक परत देतो, नाही दिलं त विषय संपला. दोन्हीकडच्यायनं मान डोलावली. आता तो शब्द बापाच्या गळ्यात अडकला. घरात कोणाशी बोलत नाही म्हणे, जेवणावरून उठते.

म्हंजे मी मंगळसूत्र नाही शोधून राह्यली. मी ही पोरगी धरून देऊन राह्यली.

रजनी म्हणे, तुम्ही शोधू नका असं मी म्हणत नाही, तुमचं पोट हाय. फक्त तुमाले माहीत असावं म्हणून सांगतलं. एवढं बोलून गेली. रडली असती त बरं झालं असतं. मले शिव्या द्याले कोणी भेटलं नाही, म्हणून फावड्याले दिल्या.

१० जाने., शुक्र.

तिसऱ्या खांबाकडं गेलीच नाही. दिवसभर पहिल्या खांबाजवळची पांढरी रेती धुतली. शोभाले दोन कठवतीतच समजलं. तिलेबी सासूनंच शिकवलं, तिचीच तर माय.

जेवताना भांडण. तिचं म्हणणं, आपल्यात सापडलं ते सापडलं म्हणाचं. खोटं बोललं की हातचा गुण जाते. अन् वणीची सोनझरीन रिकाम्या हातानं वापस गेली असं झालं त गल्लीत कोण धूळ देईन? खरं हाय. मी आजलोक रिकाम्या हातानं वापस आली नाही. मले त्याचा माज हाय, हो हाय.

पण मलेबी एकदा पंचायनं असंच वापस धाडलं होतं. शोभाच्या भावाकडं. अठरा वर्षांची होती. पाठ उघडी करून दाखवली त पंच म्हणे, संसारात होते. तो मरून सात वर्षं झाले, पाठ अजून थंडीत दुखते. हे मी शोभाले आज तोंडावर म्हटलं. ती भाकर ठेवून उठली.

मशीनवाला सं. पाच वाजता सामान बांधून गेला. त्याची सुट्टी संपली.

११ जाने., शनिवार

शोभानं सकाळी जाऊन तिसऱ्या खांबामागं फावडं मारलं. दिनकरराव काठावर खुर्ची टाकून समोरच. आता काय करता? मी धुवाले बसली.

चौथ्या कठवतीत काळ्या रेतीच्या शेपटाले पिवळं. वाटी. बोटानं उलटी केली, आतून चांदणीचा शिक्का. हा शिक्का आपल्या गल्लीतला नाही. रजनीचं माहेर वणीकडचं, तिकडचे लोक सोनं आमच्याच गल्लीतून घेते. म्हंजे ही सासरची. मंगळसूत्राची एक वाटी माहेरची असते, एक सासरची, हे काय मी लिहाव.

हात थांबला नाही. कठवत तिरपी केली, वाटी पाण्यात गेली, पायाच्या अंगठ्यानं रेतीत दाबली. वीतभर खोल. शोभा बाजूलेच होती. तिनं पाह्यलं. मी तिच्याकडं पाह्यलं. तिनं पुढची रेती माह्या कठवतीत टाकली.

तासाभरानं दुसरी निघाली. आतून मासा. मासा म्हंजे आमच्याच गल्लीतला सोनार, त्याच्या दुकानापुढं मी वीस वर्षं झाडलं. माहेरची. ही मात्र उचलून वर धरली. दिनकरराव खुर्चीवरून पळत आला. सापडलं का? सापडलं. किती, ते त्यानं विचारलं नाही अन् मी सांगतलं नाही.

खोटं बोलली का मी? नाही. अर्धं. जाऊ दे. झोप येत नाही.

१२ जाने., रवि.

रजनीच्या बापाच्या ओसरीवर बैठक. दहाचे पंधरा जण झाले. दिनकररावनं वाटी ताटात ठेवली, म्हणे नदीनं दिलं, पोरगी द्या. नवरा कोपऱ्यात मोबाईल पाहत बसलेला.

मले साक्षीले बोलावलं होतं. मी म्हटलं, वाटी उलटी करा, शिक्का पाहा. मासा हाय. ही तुमची नाही, ही या घरची हाय. सासरची नदीनं ठेवून घेतली.

मंग रजनीचा बाप हळूहळू उठला, ताटातून वाटी घेतली, खिशात टाकली.

"माही वाटी मले परत भेटली. तुमची तुम्ही पाहा."

मंग जो गोंधळ झाला. कोणी म्हणे अर्धं म्हंजे सापडलंच, कोणी म्हणे जोडा पाहिजे. शेवटी ठरलं, दुसरी सापडेलोक पोरगी माहेरीच. रजनी दारात उभी होती, माह्याकडं पाहून एकदा मान हालवली. शोभा परतताना गाडीत माह्याकडं पाठ करून बसली. ती तोंड उघडन का, याचीच भीती.

१४ जाने., संक्रांत

रजनी मोकळ्या गळ्यानं हळदीकुंकवाले निघाली म्हणे. दोन घरांत कोणी या म्हटलं नाही. तिसऱ्या घरी चहा पेली. लय भारी. मले कोणी बोलावत नाही, मी घरीच तीळ खाल्ले.

१६ जाने., गुरुवार

दिनकरराव पुन्हा दारात. दुसरी वाटी शोधाले चला. आम्ही दोघी पुलाखाली गेलो. कठवत मी पालथी घातली अन् तिच्यावर बसली.

तो म्हणे, काहून बसली? मंग आवाज चढवून विचारलं, दुसरी पाण्यात हाय का नाही, खरं सांग.

आता विचारलंच त सांगणं आलं.

"हाय. कुठी हाय तेबी मले माहीत हाय. पण मी काढत नाही."

तो लालबुंद. पोलिसात देतो, गल्लीत पाय ठेवू देणार नाही, तुमच्या जातीले काय समजते, सगळं बोलला. मी म्हटलं, देऊन टाका पोलिसात. सोनं मी घेतलं नाही, नदीत हाय. नदीले घेऊन जा.

मंग तो शोभाकडं वळला. तू त समजदार दिसतेस, तुले माहीत असन, तू काढ, हिच्यावाटचंबी तुलेच देतो. मी डोळे मिटले.

शोभानं फावडं पाण्यातून काढलं, रेती झटकली, खांद्यावर घेतलं.

"मलेबी माहीत हाय. मीबी काढत नाही." अन् माह्याकडं न पाहता म्हणे, "वहिनीची पाठ मी पाह्यली होती. तवा बोलली नाही."

परवा नागपूरवाला मोठं मशीन घेऊन येते म्हणे, मजूरबी आणते. सापडनबी त्याले, कोणाले माहीत. आम्ही दोघी त्या दिवशी सकाळीच जाऊन तिसऱ्या खांबामागं त्याच रेतीवर बसणार, कोणी उठ म्हटलं तरी उठणार नाही. रजनीले निरोप धाडला. ती म्हणे, मीबी येते, डबा आणते तिघींचा.